दिवाळी २०२५ : नथी, तन्मणी आणि घर
(कामाच्या वहीतल्या नोंदी, सहकारनगर, पुणे)

९ सप्टेंबर, मंगळवार

गौरींचे दागिने संपले. उरलेल्या बाजूबंदांच्या पट्ट्या, मुकुटाचे खडे आणि जर एका डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला. पितृपक्ष लागलाय, म्हणजे फोन थंड. या पंधरवड्यात लोक नवीन काही घेत नाहीत, आणि माझ्यासारखीला माल भरायला नि वही आखायला हेच दिवस मिळतात.

कॅलेंडरवर आधी घरचं लिहिलं. २२ ला घट, २ ऑक्टोबरला दसरा, पुढच्या आठवड्यात लेकाची सहामाही, १७ ला वसुबारस, २० ला पहिली अंघोळ, २१ लक्ष्मीपूजन, २२ पाडवा, २३ भाऊबीज (यंदा आमच्याकडे, म्हणजे दोन्ही नणंदा आणि त्यांची मुलं). उरलेल्या चौकोनांत काम. हा क्रम मुद्दाम. आधी ऑर्डरी लिहिल्या की घरच्या तारखा कोपऱ्यात बारीक अक्षरात जातात आणि मग त्या कुणालाच दिसत नाहीत, मलासुद्धा.

फर्माइशी घेणं बंद : कोजागिरी, ६ ऑक्टोबर. शेवटचं पार्सल घराबाहेर : १३ ऑक्टोबर. नवऱ्याला हे पटलं नाही. "लोक दिवाळीला दुकानं उघडतात, तू बंद करतेस." पण नथ बसली नाही, हूक घट्ट झाला, तर दुरुस्त करून परत पाठवायला आठवडा हातात हवा. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुरियरच्या ऑफिसात पार्सलांच्या गोण्या दारापर्यंत येतात. तिथे माझी काडेपेटीएवढी डबी कुठल्या तळाला जाईल, ते देव जाणे.

१३ सप्टेंबर, शनिवार

रविवार पेठ. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरले. एकच स्टेशन, पण दुचाकी लावायला जागा शोधण्याचा वैताग वाचतो आणि परत येताना दोन्ही हातांत पिशव्या घेता येतात.

मोती : २, २.५ आणि ३ मिमी, सगळे काचेचे. प्लास्टिकचे हलके आणि स्वस्त, पण नथीत त्यांचा सांधा लगेच दिसतो. लडी घेताना भोकापाशी नखाने खरवडून बघायची. तिथला पापुद्रा निघाला तर अख्खी लड महिनाभरात सोलणार. दुकानदाराला हे आवडत नाही, मलाही त्याचं आवडणं-नावडणं परवडत नाही. तार : नथीच्या आकड्याला २२ गेज, मोती ओवायला २८. साधी पितळी तार निम्म्या किमतीत मिळते. पण पितळेत तांबं असतं, ते घामाने नि हवेने काळवंडतं, आणि नाकाला लागणारी गोष्ट काळी पडून चालत नाही. पॉलिशची, निकेल नसलेलीच घेतली. केंपचे खडे लाल आणि हिरवे.

चांदीच्या तारेचा भाव विचारला आणि वही मिटली. वर्षाच्या सुरुवातीला चांदी किलोला लाखाच्या आत होती. आता चांदीची नथ हवी असेल तर भाव त्या दिवशीचा, आगाऊ सांगणार नाही. तसं बोर्डावर लिहायचं.

बोहरी आळीतून डब्या, झिपच्या पिशव्या, बटर पेपर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊ ते साडेबारा. लेक शाळेत, नवरा ऑफिसात, आईंची पोथी चालू. हे तीन तास म्हणजे माझी खरी फॅक्टरी. संध्याकाळीही तेवढेच तास असतात, पण ते "आई, कंपास कुठाय" आणि दारावरच्या बेलमध्ये चिरलेले असतात. त्या वेळात नथ होत नाही. डब्या चिकटवणं, लेबलं, कुड्यांना फिरकी लावणं एवढंच होतं. म्हणून यंदा कामाचे दोन गठ्ठे केलेत : सलग वेळेचं आणि तुकड्यांच्या वेळेचं. सलग वेळेत पार्सल बांधत बसायचं नाही, कितीही घाई असली तरी.

एक नथ अशी होते. २२ गेजची तार चार बोटं तोडायची, गोल तोंडाच्या पकडीवर तिचा आकडा वळवायचा. मध्ये लाल खडा २८ च्या तारेने बांधायचा, त्याच्याभोवती मोती. प्रत्येक वेढा बोटाने न ओढता पकडीने ओढायचा, पण मोत्याच्या भोकावर ताण येऊ द्यायचा नाही, नाहीतर काच तडकते आणि कळतही नाही. वरच्या टोकाला हिरवा खडा, खाली लोंबणारा एक मोती. शेवटी तारेचं टोक मोत्यांच्या मागे आत वळवून दाबायचं आणि त्यावरून स्वतःच्या ओठाची कड फिरवून बघायची. बोटाला जे टोचत नाही ते ओठाला टोचतं.

यात तार वळवायला वेळ लागत नाही, एका मापाचे मोती निवडायला लागतो. पाकिटावर २.५ लिहिलेलं असतं, आत २.३ पासून २.७ पर्यंत सगळं नांदत असतं.

सगळं काम काठाच्या स्टीलच्या ताटात, तळाला जाड नॅपकिन. मोती घरंगळत नाहीत आणि जेवणाच्या वेळी अख्खं ताट उचलून कपाटावर जातं. डायनिंग टेबल एकच आहे, त्यावर हक्क सगळ्यांचा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आई मोती निवडायला बसल्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तर जास्तच. मोठे-लहान बाजूला करता करता त्या तन्मणीच्या लडीही ओवून ठेवतात.

वहीत त्यांचं वेगळं पान काढलं, लडीमागे दर लिहिला. त्या म्हणाल्या, "अगं, घरच्या कामाचे पैसे कसले घ्यायचे?" मी म्हटलं, आई, मी हे विकते, म्हणजे हे घरचं काम नाही. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, पान त्यांच्या नजरेला पडलंच. "सासूला मजुरी देतेस?" असं हसत हसत म्हणाल्या. त्या हसण्याचं काय करायचं ते मला ठाऊक आहे, काहीच करायचं नाही.

माझं मत पक्कं आहे. घरातल्यांची मदत फुकट धरली की दागिन्याची किंमत खोटी ठरते. ती मदत बंद पडली त्या दिवशी आपण तोट्यात, आणि भांडण मात्र नात्यात.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पांढऱ्या रंगाचे कानातले कालच संपले. नऊ रंगांच्या झुमक्यांची मागणी दरवर्षी आदल्या रात्री येते, "ताई, उद्यासाठी". रेडी आहे ते दिलं. नाही त्याला नाही.

आजपासून जीएसटीचे नवे दर. सकाळपासून ओळीने विचारणा, आता तुमचे भाव उतरणार का. इमिटेशन दागिन्यांचा दर आधी ३ टक्के होता, आजही ३ टक्केच आहे. शिवाय माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या जवळपासही नाही, मी कर लावतच नाही. जो लावलाच नाही तो कमी कसा करू? हे लिहून मोबाइलमध्ये ठेवलंय, विचारणाऱ्याला तेच पाठवते.

२८ सप्टेंबर, रविवार

कर्वेनगरला दोन दिवसांचं प्रदर्शन. अर्धा स्टॉल माझा, अर्धा उटणं करणाऱ्या मैत्रिणीचा. भाडं अर्धं होतं आणि एकीला जेवायला उठता येतं. तिच्या उटण्याचा वास माझ्या डब्यांना लागला, त्याने विक्री वाढली असं तिचं म्हणणं.

"तुळशीबागेत ही साठला मिळते" हे वाक्य यायचं तेव्हा आलं. मी वाद घालत नाही. साठवाली नथही मी जवळ ठेवते. दोन्ही त्यांच्या हातात देते, पालथ्या करून. एकीत मागे डिंकाचा गोळा असतो, दुसरीत तारेचे वेढे. काहीजणी घेतात, काहीजणी तुळशीबागेत जातात. लहान मुलीच्या स्नेहसंमेलनाला एका दिवसापुरती हवी असेल तर मी स्वतःच सांगते, तिकडूनच घ्या.

कान-नाक न टोचलेल्या मुली फार. दाबाच्या नथी आधी संपल्या. पुढच्या खेपेला निम्म्या दाबाच्याच करायच्या. सोनं भडकल्याचं लगेच जाणवतं. आईची सोन्याची नथ लॉकरमध्ये ठेवून तिच्यासारखीच मोत्यांची करून मागणाऱ्या बऱ्याच आल्या. फोटो घेतले, पण प्रत्येकीला तारीख सांगूनच.

घरी : नवऱ्याने लेकाचा इतिहास घेतला. पोळ्या-भाजी कोपऱ्यावरच्या केंद्रातून. त्याबद्दल कुणालाही वाईट वाटलेलं नाही. आईंनी तर भरल्या वांग्याची चौकशी केली.

१ ऑक्टोबर, बुधवार

पोस्टात चौकशी करून आले. आजपासून स्पीड पोस्टात ओटीपी सांगून डिलिव्हरी घ्यायची सोय झालीय, पार्सलमागे ५ रुपये अधिक कर. दिवाळीत लोक गावाला जातात आणि पार्सल शेजाऱ्यांकडे नाहीतर वॉचमनकडे पडतं, तिथून पुढे कुणी कुणाला दिलं हे शोधत बसावं लागतं. महागाच्या सेटना ओटीपी लावायचा. फक्त गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं, नाहीतर ओटीपी मागितला म्हणजे फसवणूक, असं समजून पोस्टमनलाच परत पाठवतील.

४ ऑक्टोबर, शनिवार

अनारशाचे तांदूळ भिजत घातले. इथून पुढे घरात दोन वेळापत्रकं. तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कापडावर कोरडे करून ओलसर असतानाच दळायचे, गूळ किसून मळायचं आणि गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरवायचा. याला थांब म्हणता येत नाही. नथीला म्हणता येतं. म्हणून अनारसे वरच्या रांगेत लिहिले.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

रात्री आठला पाटी लावली : फर्माइशी बंद, तयार ट्रेमधलं १२ तारखेपर्यंत मिळेल. ट्रेचे फोटो टाकले.

नऊला गच्चीवर सोसायटीचं मसाला दूध. फोन घरी ठेवून गेले. परत आले तर "फक्त एकच", "तुमच्या मावससासूंच्या ओळखीतली आहे", "मैत्रिणीला शब्द दिलाय हो". अनोळखी माणसाला नाही म्हणणं जड जात नाही. धाकट्या नणंदेचा निरोप जड गेला : भाऊबीजेला तिला नि तिच्या जावेला सारख्या नथी हव्यात, मधे जांभळा खडा. जांभळा खडा म्हणजे नवीन फर्माईश, म्हणजे रविवार पेठेची वारी. तिला ट्रेचा फोटो पाठवला आणि लिहिलं, यातल्या कुठल्याही दोन तुझ्या, भाऊबीजेची भेट म्हणून; जांभळा मात्र डिसेंबरात. रात्री अकराला अंगठा आला. अंगठ्यावरून राग कळत नाही, भाऊबीजेला कळेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पंख्यावरून तंटा. तांदूळ हॉलमध्ये पंख्याखाली पसरलेत. माझे लॅकर मारलेले तोडे आणि वाक्याही तिथेच सुकतात, कारण घरात जोराचा पंखा तोच. लॅकरचा वास पिठाला लागला तर अनारसे गेले. आईंनी काही बोलायच्या आधीच मी तोडे बाल्कनीत नेले. पण दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. शेवटी तोड्यांचं लॅकर सकाळी अकरानंतर, ऊन असेल तेव्हाच, बाल्कनीचं दार लावून. ऊन नसेल त्या दिवशी लॅकर नाही. ज्या दोघींचे तोडे आहेत त्यांना दोन दिवस उशीर होईल असं कळवलं. एक म्हणाली चालेल. दुसरी म्हणाली, "आमच्याकडेही तांदूळच वाळताहेत."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तन्मणी पटवेकरी काकांकडे दिले होते, गाठवून आले. रेशमाचा गोंडा मी करू शकते, पण त्यांच्यासारखी गाठ माझी बसत नाही. त्यांची वरखाली सरकते आणि तरी सुटत नाही. दोन पदरांत धागा ते मांडीला चोळून कसे पिळतात, ते समोर बसून बघितलं. बघून येणारं काम नाही. त्यांच्याकडे दसऱ्यापासून मंगळसूत्रांची रांग आहे. आमचं सामान त्यांनी वेळेत दिलं, कारण मी ते पितृपक्षात नेऊन टाकलं होतं.

लेकाचा आज गणिताचा पेपर. संध्याकाळचं काम शून्य. तसंच ठरलं होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शेवटची पार्सलं गेली. प्रत्येक नथ बटर पेपरात, मग झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून, मग डबीत कापसावर. सोबत चिठ्ठी : आधी अत्तर, मग पावडर, दागिना सगळ्यांत शेवटी, काढल्यावर कोरड्या कापडाने पुसून पिशवीत. ती चिठ्ठी कुणी वाचत नाही असा माझा समज होता, पण परवा एकीने तिच्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करून पाठवलं. पुणेकर असणार म्हणून पत्ता बघितला, तर नागपूर.

ताट धुतलं. नॅपकिन धुवायला टाकला, त्यातून मोती निघाले ते मशीनच्या जाळीत सापडले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अनारसे झाले. पहिला हसला (तेलात विरघळला). आईंनी पिठात चमचाभर मुरलेलं जुनं पीठ मळलं, मग जमले. चकली उद्या.

किल्ला : बाल्कनीच्या कोपऱ्यात विटा, गोणपाट, सोसायटीच्या बागेतली माती. मोहरी पेरलीय, वसुबारसेपर्यंत हिरवं दिसायला हवं. मावळे कुंभारवाड्यातून आणले. लेकाने रायगडाचा रोपवे करायला माझी २२ गेजची तार घेतली, न विचारता, चांगली हातभर. पॉलिशची. त्याला पितळी तार देऊ केली तर म्हणे, ती काळी पडते, तूच म्हणतेस.

१७ ते २० ऑक्टोबर

वहीत काम नाही. धनत्रयोदशीला लक्ष्मी रोडला गेलो नाही. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्याही पुढे, आणि गर्दी तरी आहेच म्हणतात.

एक अपवाद : शेजारच्या विंगमधली नववधू पहिल्या अंघोळीच्या आदल्या रात्री तुटलेली ठुशी घेऊन दारात. जोडून दिली. पैसे घेतले नाहीत, करंज्या घेतल्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आईंनी चौरंगावर माझी ऑर्डरींची वही ठेवली. मी काढून ठेवायला गेले, तर म्हणाल्या, व्यापाऱ्याची वही पूजेत नको का? राहू दिली. हळदीकुंकवाने दोन पानांवरचे फोन नंबर आता वाचता येत नाहीत. त्या दोघी स्वतः फोन करतील अशी लक्ष्मीकडे सोय लावायला हवी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

नणंदेने दोन्ही नथी घेतल्या. जांभळ्याचा विषय निघाला, जेवणानंतर. "तू आता फारच प्रोफेशनल झालीस" असं म्हणाली. कौतुक की टोमणा, मी विचारलं नाही. भांडी दोघींनी मिळून घासली. तिच्या जावेने मात्र नथ तिथेच घालून फोटो काढले, आणि दोन ऑर्डरी त्यातूनच आल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हिशोब मांडला. फर्माइशीच्या नथीत नगामागे पैसे जास्त सुटतात हे खरं. पण फोटोंची देवाणघेवाण, "जरा मोठा खडा", "नको, लहानच", घरच्या सगळ्यांची मतं येईपर्यंतची वाट, हे सगळं तासांत धरलं तर ट्रेमधली तयार नथ जास्त कमावून देते. म्हणजे पुढल्या दिवाळीला ट्रे मोठा, फर्माइशी मोजक्या, आणि फर्माइशीत दोनदाच बदल. तिसऱ्या बदलाला पैसे.

मोती निवडायचा वेळ आत्तापर्यंत किमतीत धरलाच जात नव्हता. आईंच्या पानामुळे तो आकड्यात आला. नथींचे भाव पाडव्यानंतर वाढवले.

आईंना पाकीट दिलं. त्यांनी मोजून घेतलं. मोजून घेतलं याचा मला आनंद झाला.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीची लग्नं सुरू, म्हणजे माणसांचीही. सकाळीच चौकशी : डिसेंबरातलं लग्न, करवल्यांसाठी सारख्या नथी, व्याहीभोजनाला द्यायला कुड्या. लग्नाची ऑर्डर गोड असते, पण तिच्यात तीन माणसं निर्णय घेतात आणि तिघांचे फोन वेगवेगळ्या वेळी येतात. अट घातली : एकाच माणसाशी बोलणार, रविवारी नाही. नवरीची आई म्हणाली, रविवारीच तर वेळ असतो. मी म्हटलं, माझाही तोच. शनिवारवर तोडगा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संक्रांतीची पहिली विचारणा. हलव्याचे दागिने, लग्नानंतरचा पहिला सण, काळी साडी आधीच घेऊन ठेवलेली. हार, बाजूबंद, बिंदी, जावयाला नारळ आणि हार. १४ जानेवारीला सण, त्यामुळे वेळ आहे.

मी हे कधी विकायला केलेलं नाही. काटेरी हलवा विकत मिळतो, पण तो एकसारखा नसतो आणि ओवताना फुटतो. आई घरी करत आल्यात : मंद आचेवर परात, तीळ, पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. काटा यायला दिवस दिवस जातो. ढगाळ हवा आली की काटा येत नाही, आणि तयार झाल्यावर मुंग्यांपासून जपायचं. पार्सलने पाठवता येणार नाही, पुण्यातच, हातोहात.

आईंना विचारलं, कराल का. म्हणाल्या, करीन, पण स्वयंपाकघर दुपारी दोन ते पाच माझं, आणि त्या वेळात तुझं लॅकर घरात नको. मान्य केलं. मग दर विचारला. त्यांनी चष्मा काढला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि आकडा सांगितला. मी मनात धरला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. जरा जास्त होतंय का, असं म्हणाले.

"दिवसाचे तास धर की," त्या म्हणाल्या, "तूच धरतेस ना?"

गिऱ्हाइकाला तोच आकडा कळवलाय. उत्तर अजून नाही.